कोरा रकाना

२०२३ च्या सुरुवातीला गूगल क्लाउडच्या कर्मचाऱ्यांनी युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या निवृत्तिवेतन निधीसाठी व्हीएमवेअरवर चालणारा एक खासगी क्लाउड उभारला. ग्राहकाला ठरावीक जागी ठरावीक क्षमता हवी होती, म्हणून नेहमीची वाट सोडून कंपनीच्या आतलं एक साधन वापरलं गेलं. ते वापरताना एक रकाना कोरा राहिला. रकाना कोरा दिसला तर मुदत एक वर्षाची धरायची, आणि मुदत संपली की सगळं काढून टाकायचं, हे त्या साधनात आधीपासून लिहिलेलं होतं. मुदत संपली. मे २०२४ मध्ये दोन झोनमध्ये पसरलेला तो अख्खा क्लाउड पुसला गेला. ग्राहकाला आगाऊ सूचनाही गेली नाही, कारण ग्राहकाने हटवायला सांगितलं तरच सूचना जायची आणि इथे कुणी काही सांगितलंच नव्हतं. सहा लाखांहून अधिक सभासद, त्यातले बहुतेक विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत नोकरी केलेले, जवळजवळ आठवडाभर आपलं खातं पाहू शकले नाहीत. पैसे सुखरूप होते. पण म्हातारपणाची पुंजी दिसेनाशी होणं म्हणजे काय, हे बँकेत काम करणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी साताऱ्याकडच्या एका नागरी सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळते. आमचं काम युनिसुपरच्या मानाने फारच लहान, पण जात तीच. एका रॅकमध्ये मोजके होस्ट, आणि त्यांवर कोअर बँकिंग, धनादेश समाशोधन, एसएमएस, मेल अशी सगळी व्हर्च्युअल मशीनं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी थोड्याशा फायली असतात. एका फायलीत यंत्राचं वर्णन, दुसरीत त्याची डिस्क. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला वाटत असतं की आपल्याखाली खरं लोखंड आहे. हायपरवायझर तिला तसं वाटू देतो. या फायली हाताने हलवायच्या, वाढवायच्या, पुसायच्या म्हटलं तर माणूस पुरणार नाही, म्हणून स्क्रिप्ट. रात्री दिवसअखेर झाली की एक स्क्रिप्ट बॅकअप घेते. दुसरी जुने स्नॅपशॉट शोधते, कारण विसरलेला स्नॅपशॉट वाढत वाढत सगळं डेटास्टोअर, म्हणजे फायलींच्या साठवणीची जागा, गिळतो. तिसरी, चाचणीसाठी उभी केलेली मशीनं मुदत संपल्यावर काढून टाकते. सकाळी आम्ही अहवाल वाचतो. त्यात कामं झालेली दिसतात आणि कर्त्याच्या जागी एका सर्व्हिस अकाउंटचं नाव असतं. ते नाव कुणा माणसाचं नाही.

युनिसुपरची हकीकत वाचल्यापासून मला एका गोष्टीने धरून ठेवलं आहे. पुसलं गेलं त्या दिवशी कुणीच काही केलं नव्हतं. अॅटलासियनमध्ये एप्रिल २०२२ ला घडलं ते निराळं. तिथे एक जुनं अॅप काढायचं होतं. त्यासाठी जे क्रमांक स्क्रिप्टला द्यायचे त्याऐवजी ग्राहकांच्या अख्ख्या साइट्सचे क्रमांक दिले गेले, कायमचं पुसण्याचा पर्याय निवडला गेला आणि २३ मिनिटांत ७७५ ग्राहकांच्या साइट्स गेल्या. परत आणायला काहींच्या बाबतीत दोन आठवडे लागले. ती चूक मोठी होती, पण तिला आकार होता. चुकीची यादी, चुकीचा पर्याय, चालवणारा हात. कर्म आणि फळ एकमेकांना दिसतील इतक्या अंतरावर. युनिसुपरच्या बाबतीत मध्ये एक वर्ष आहे, आणि वर्षाच्या त्या टोकाला कर्म नाही. तिथे एक न केलेली गोष्ट आहे.

न केलेल्या गोष्टीला फळ येतं का?

हा प्रश्न माझ्या आधी पुष्कळांनी विचारलेला आहे, हे मला काकांमुळे कळलं. काका वाईला गणपती आळीत राहतात. जन्मभर याज्ञिकी केली, आणि मीमांसा नीट गुरूपाशी बसून शिकले. प्रज्ञापाठशाळेचे केवलानंद सरस्वती यांनी सिद्ध केलेल्या मीमांसाकोशाचे सातही खंड त्यांच्या कपाटात आहेत आणि ते वापरातले खंड आहेत. पानांत जागोजागी तांदळाच्या पिशवीची फाडलेली कडा खूण म्हणून घातलेली. मी त्यांना युनिसुपरचं सगळं सांगितलं. साधन, रकाना, मुदत. त्यांनी मध्ये फक्त एकदा विचारलं, "वर्षभर ते कुठे होतं?"

"काय कुठे होतं, काका?"

"रकाना कोरा ठेवण्याचं काम तर तेव्हाच संपलं. फळ वर्षाने आलं. मधल्या काळात ते कुठे राहिलं?"

मीमांसकांचा हा जुना पेच आहे. यज्ञ आज होऊन संपतो, स्वर्ग मेल्यावर मिळायचा. संपलेली क्रिया पुढे काही कशी घडवणार? यावर शबरांनी आणि नंतर कुमारिलांनी उत्तर दिलं ते अपूर्वाचं. क्रिया संपताना मागे एक न दिसणारी शक्ती ठेवून जाते, ती टिकते आणि वेळ आली की फळते. मला हे नेहमी श्रद्धेचं विधान वाटायचं. आता वाटत नाही, कारण माझ्या धंद्यात अपूर्व बोट ठेवून दाखवता येतं. ते डेटाबेसमधल्या एका ओळीत असतं. यंत्राचा क्रमांक, मुदतीची तारीख. माणसं घरी गेली, ते साधनही २०२३ च्या अखेरीस वापरातून काढलं गेलं, पण ओळ राहिली. ज्या साधनाने ती लिहिली ते निवृत्त झाल्यावरही ती आपल्या तारखेची वाट पाहत होती.

काकांना हे आवडलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ओळ स्वतः काही पुसत नाही ना, असं ते म्हणाले. बरोबरच आहे. शेड्यूलर जागा होतो, ओळी वाचतो, ज्यांची तारीख उलटली त्यांच्यावर क्रिया करतो. आणि इथेच शंकराचार्यांचा आक्षेप उभा राहतो. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात फळ कोण देतं याची चर्चा आहे. जैमिनींच्या मते कर्मच देतं. आचार्य म्हणतात, अपूर्व जड आहे. जडाला चेतनाने हलवल्याशिवाय ते हलत नाही. म्हणून फळ देणारा ईश्वर. शेड्यूलर हा आमचा ईश्वर नव्हे. तोही जडच. त्याला कुणीतरी बसवलं, त्याला काय वाचायचं आणि वाचून काय करायचं ते कुणीतरी सांगितलं. जडामागे जड अशी कितीही रांग लावली तरी तिच्या टोकाशी एक निर्णय घेणारं मन असावं लागतं. आपोआप झालं, असं आम्ही सहज बोलतो. माझ्या मते ते वाक्य अर्धवट आहे आणि ते अर्धवट राहू देणं धोक्याचं आहे.

कोऱ्या रकान्याकडे परत येते, कारण खरी अडचण तिथे आहे. मीमांसकांच्या मते नित्यकर्म न केल्यास प्रत्यवाय लागतो. संध्या चुकली तर दोष. म्हणजे न करण्यालाही फळ आहे. या मताने पाहिलं तर रकाना न भरणाऱ्या कर्मचाऱ्याने एक नित्यकर्म चुकवलं आणि दोष त्याला लागला. बहुतेक कचेऱ्यांत विचार असाच चालतो. चौकशी होते, कुणी भरलं नाही ते सापडतं, त्याला मेमो मिळतो.

आचार्यांना हे मान्य नाही, आणि त्यांचं कारण मला फार मोलाचं वाटतं. तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्याच्या आरंभी आणि गीतेवरच्या भाष्यातही त्यांनी ते मांडलं आहे. न करणं हा अभाव आहे. अभावातून भाव निपजत नाही. दुःख ही तर प्रत्यक्ष, भावरूप वस्तू. ती नुसत्या नसण्यातून कशी येईल? मग संध्या न करणाऱ्याच्या वाट्याला दुःख येतं असं स्मृती म्हणतात, त्याचं काय? आचार्य म्हणतात, न करणं हे कारण नाही, खूण आहे. कारण आहे ते आधी साठलेलं कर्म. नित्यकर्म केलं असतं तर ते झिजलं असतं. केलं नाही म्हणून ते वर आलं.

मी ते दोनदा वाचलं आणि मला ते साधनच डोळ्यांपुढे दिसलं. कोऱ्या रकान्याने काहीही पुसलं नाही. कोऱ्यात पुसण्याची ताकदच नसते. पुसण्याची ताकद होती ती, कोरा असेल तर एक वर्ष, या आधी लिहून ठेवलेल्या वाक्यात. ते वाक्य कधीतरी कुणीतरी लिहिलं होतं. ते एक पूर्ण केलेलं कर्म होतं. रकाना कोरा राहिला तेव्हा फक्त त्या साठलेल्या कर्माला वाट मिळाली. आपण ज्याला डिफॉल्ट म्हणतो ते दुसऱ्याच्या गप्प राहण्याला आपण आधीच दिलेलं उत्तर असतं. म्हणून मेमो रकाना न भरणाऱ्याच्या नावाने निघतो तेव्हा तो चुकीच्या दारी जातो, असं मी मानते. गूगलने पुढे जे केलं ते मला याच दिशेचं वाटतं. त्यांनी जाहीर खुलाशात पॅरामीटर कोरा राहिल्याचं सांगितलं, पण दुरुस्ती केली ती कोऱ्याला दिलेल्या अर्थाची. अशा प्रकारे हटवलं जाण्याची व्यवस्था बदलली, आणि दुसऱ्या कुठल्या क्लाउडवर अशी ओळ बसलेली आहे का ते तपासलं.

नैयायिकांना इथे काही म्हणायचं असणार आणि ते डावलणं बरं नाही. त्यांच्याकडे अभाव हा स्वतंत्र पदार्थ आहे आणि त्याचे प्रकार आहेत. वस्तू होण्यापूर्वीचा अभाव वेगळा, नष्ट झाल्यानंतरचा वेगळा. आमच्या अॅन्सिबलसारख्या साधनात एखादं यंत्र नसावं असं लिहिता येतं. यंत्र असेल तर ते काढलं जातं, मुळात नसेल तर काहीच होत नाही, आणि दोन्ही वेळा साधनाच्या दृष्टीने स्थिती एकच. या गुणामुळे स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा निर्धास्त चालवता येते. सोय मोठी आहे. पण कधीच नव्हतं आणि होतं ते गेलं, यांतला फरक त्या स्थितीत उरत नाही. तो फरक खातेदाराला कळतो. मेलबॉक्स कधी उघडलाच नव्हता त्या कर्मचाऱ्याला आणि ज्याचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला त्याला आपण एकच शब्द लावू शकत नाही. नैयायिकांचा हा भेद आमच्या लॉगमध्ये तरी जिवंत राहिला पाहिजे, म्हणून माझ्या स्क्रिप्ट पुसण्यापूर्वी काय होतं ते वेगळ्या फायलीत लिहून ठेवतात.

साधनं बनवणाऱ्या काही माणसांनी हा विचार फार आधी केलेला दिसतो, आणि तो पाहिला की मला त्या अनोळखी माणसांबद्दल आदर वाटतो. व्हीएमवेअरच्या पॉवरसीएलआयमध्ये यंत्र काढण्याची आज्ञा आहे. ती नुसती दिली तर यंत्र यादीतून जातं, डिस्कच्या फायली डेटास्टोअरवर तशाच राहतात. कायमचं पुसायचं असेल तर ते वेगळं, मुद्दाम, शब्दांत सांगावं लागतं. लिनक्सवरच्या व्हर्शमध्येही यंत्राची व्याख्या काढली तरी साठवण आपोआप जात नाही. पॉवरशेलमध्ये व्हॉटइफ नावाचा पर्याय आहे; तो जोडला की आज्ञा काहीच करत नाही, फक्त आपण काय केलं असतं ते सांगते. प्रॉक्समॉक्समध्ये यंत्राला संरक्षणाची खूण लावता येते, मग ते काढता येत नाही. ही खूण मात्र मुळात बंद असते, आपण होऊन लावावी लागते. माझ्या मते ती उलट असायला हवी होती.

म्हणजे कोऱ्यावर नेहमीच थांबायचं का? इथे काकांनी मला अडवलं आणि त्यांचं म्हणणं मला पटलं. कुठलंही कर्म संकल्पाशिवाय सुरू होत नाही. संकल्पात देश, काल, नाव, गोत्र आणि कशासाठी हे सगळं उच्चारावं लागतं. पोथीत त्या जागी अमुक छापलेलं असतं. अमुक गोत्र, अमुक नाव. भटजींनी तिथे थांबून यजमानाला विचारायचं आणि भरून म्हणायचं. घाईत न विचारता पुढे गेलं तर यजमान अमुकच म्हणून मोकळा होतो आणि संकल्प कुणाचाच राहत नाही. हे ऐकून मला वाटलं, झालं, माझ्या बाजूचंच आहे. तेव्हा काका म्हणाले, "आणि ज्याला गोत्र माहीतच नाही त्याचं काय करायचं? परत पाठवायचं?"

परत पाठवत नाहीत. गोत्र ठाऊक नसेल तर कश्यप म्हणायचं, अशी रूढी आहे. सगळे कश्यपाची प्रजा, या भावनेने. हाही डिफॉल्टच. कुणीतरी कधीतरी विचार केला की माहिती नाही एवढ्यावरून माणूस श्राद्धाला किंवा लग्नाला मुकू नये, आणि त्या कोऱ्या जागेला एक उदार अर्थ देऊन ठेवला. तो अर्थ माणसाला आत घेतो. त्याच्याकडून काही काढून घेत नाही.

हा फरक मला आमच्या बँकेतही दिसतो. मुदत ठेवीची मुदत संपली आणि ठेवीदार आलाच नाही, तर काय? गावाकडची म्हातारी माणसं असतात, मुलगा पुण्याला, पावती ट्रंकेत. ठेवीदाराने काहीही सांगितलेलं नाही. रकाना कोरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या परिपत्रकाने त्याला उत्तर दिलं आहे. अशा पडून राहिलेल्या रकमेवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांतला जो कमी असेल तो मिळतो. कमी का होईना, मिळतो. दहा वर्षं कुणी हात लावला नाही तर रक्कम ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते, पण तिथेही ती बुडत नाही. ठेवीदार किंवा वारस केव्हाही येऊन मागू शकतो. हे नियम करणाऱ्यांपुढे तोच प्रश्न होता जो त्या साधनाच्या लेखकापुढे होता. माणूस गप्प राहिला तर आपण काय समजायचं? त्यांनी त्याच्या गप्प राहण्यातून त्याचं नाव पुसलं जाणार नाही असं पाहिलं.

कर्ता कोण, या प्रश्नावर मात्र काकांचं आणि माझं जुळत नाही. ते म्हणतात, ऋत्विज आहुती टाकतात पण फळ यजमानाचं. ऋत्विजांचं फळ दक्षिणा. स्क्रिप्ट लिहिणारी तू ऋत्विज, बँक यजमान, तू दक्षिणा घेतलीस, तिथे तुझा संबंध संपला. हा विचार नीट बांधलेला आहे आणि त्यात माणसाला रात्रीची झोप मिळते हेही मला दिसतं. पण ऋत्विज कर्म संपलं की मंडपातून उठतो. माझी स्क्रिप्ट मी नोकरी सोडल्यावरही चालत राहील. मी आज कोऱ्याला जो अर्थ देईन तो मला कधीही न भेटलेल्या माणसाच्या गप्प राहण्यावर लागू होईल. हे ऋत्विजाचं काम उरलं नाही. हे नियम घालून देण्याचं काम आहे, आणि नियम घालणाऱ्याला दक्षिणा घेऊन उठता येत नाही.

यज्ञाच्या विधीतली एक गोष्ट मात्र मी काकांकडून जशीच्या तशी घेतली. हविर्द्रव्य भाजायचं मातीचं कपाल फुटलं तर काय होम करायचा, ते द्रव्य करपलं तर काय, हे सगळं आधीच सांगितलेलं असतं. बिघडणं हे विधीच्या आत धरलेलं आहे. युनिसुपर वाचलं ते याचमुळे. त्यांनी एक बॅकअप दुसऱ्याच पुरवठादाराकडे ठेवला होता, शिवाय गूगलच्या साठवणीत ठेवलेले बॅकअपही या पुसण्यातून शाबूत राहिले, कारण ते वेगळ्या सेवेत होते. कपाल फुटण्याआधी त्यांनी प्रायश्चित्ताची सामग्री मांडून ठेवली होती.

सध्या आमच्याकडे त्या तिसऱ्या स्क्रिप्टवरून चर्चा चालू आहे, चाचणीची मशीनं काढणाऱ्या. माझ्या हाताखालचा मुलगा हुशार आहे आणि त्याचं म्हणणं व्यवहाराचं आहे. मुदतीचा रकाना कोरा असेल तर तीस दिवस धरावेत, नाहीतर लोक मशीनं उभी करून विसरतात आणि डेटास्टोअर भरतं. ते खरंच भरतं. तरीही मी कोऱ्यावर स्क्रिप्ट थांबवली आहे. ती थांबते, मशीन कुणी मागितलं होतं त्याचं नाव शोधते आणि त्याला विचारते. उत्तर आलं नाही तर मशीन बंद करून ठेवते, पुसत नाही. जागा जाते, डिस्क जास्त घ्याव्या लागतात, आणि लेखापरीक्षक त्याबद्दल विचारतील तेव्हा उत्तर मी देणार आहे. स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत, जिथे सर्व्हिस अकाउंटचं नाव होतं, तिथे मी माझं पूर्ण नाव, शाखा आणि तारीख घातली आहे.

हे सांगितल्यावर काका म्हणाले, "थांबणं हाही तूच आधी भरून ठेवलेला अर्थ झाला की नाही?"

झाला. उद्या एखादं मशीन केवळ माझ्या थांबण्यामुळे पडून राहील, त्यात एखाद्या खातेदाराची माहिती असेल आणि ती वेळेवर पुसली न गेल्याने तिला पाय फुटतील, तर ते कोऱ्या रकान्याचं फळ नसेल. ते माझं असेल. म्हणून चाचणीच्या मशीनवर खऱ्या खातेदारांची माहिती उतरवायचीच नाही, हा दुसरा नियम आम्ही पुढच्या आठवड्यात लिहायला घेतो आहोत.